काळी मेंदी, चाळीस व्हॉल्यूम आणि मोरपंखी बट

“ताई, मी अमळनेरची. वय २०. जळगावला होस्टेलवर राहून बी.एस्सी. करते. मला केस मोरपंखी करायचेत, अख्खे. पार्लरमध्ये विचारलं, पण पैसे ऐकूनच बाहेर आले. मामेबहीण म्हणते घरीच करू, ब्लीचमध्ये कालवायचं ४० व्हॉल्यूमचं डेव्हलपर आण, एका झटक्यात केस पांढरे होतात. नाहीतर चेहऱ्याचं ब्लीच वापरू, ते कटलरीच्या दुकानात मिळतंच. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, सगळे घरी जमणार, त्याच्या आधी करायचंय. केस कमरेपर्यंत आहेत. आजी लग्नसराईत घरातल्या सगळ्यांच्या डोक्याला काळी मेंदी लावते, मलाही फेब्रुवारीत लावली होती. आईला अजून सांगितलेलं नाही. सांगितलं की ‘तुला पाहायला कोण येईल’ हेच सुरू होईल. घरी करता येईल का? काय काय आणू?”
— मोरपंखी, अमळनेर

मोरपंखी, घरी करता येईल, पण अख्ख्या केसांना नको, ४० व्हॉल्यूमने नको आणि आखाजीच्या आत तर नकोच. एक बट कर, आतली, मानेजवळची, आणि ती कशी करायची ते मी सगळं सांगते. मात्र तुझ्या पत्रातली सगळ्यात मोठी गोष्ट तू जाता जाता लिहिली आहेस. फेब्रुवारीतली काळी मेंदी. आधी तिचं बघू.

मेंदीच्या पानाचा रंग केशरी-तांबूस असतो. नुसत्या पानाने कुणाचेही केस काळे होत नाहीत. पाकिटावर ‘काळी मेंदी’ लिहिलं असेल तर त्यात आणखी काहीतरी घातलेलं असतं. कधी नीळ असते (कपड्यांची नव्हे, निळीच्या झाडाच्या पानांची), पुष्कळदा पीपीडी नावाचं रसायन असतं, आणि काही पाकिटांत धातूंचे क्षारही असतात. ब्लीच लावल्यावर यातलं प्रत्येक वेगळं वागतं. नीळ असेल तर केसांवर मळकट हिरवा रंग येतो आणि तो हटता हटत नाही. पीपीडीचा काळा रंग ठिगळा-ठिगळाने सुटतो, एक पट्टा नारिंगी, शेजारचा तपकिरी. धातूचे क्षार असतील तर ते ब्लीचमधल्या पेरॉक्साइडशी भिडतात, केस तापतात, कधी वाफ निघते, आणि केस हातात तुटून येतात. धुळ्यात पार्लर चालवत होते तेव्हा एका बाईंनी मेंदीचं सांगितलंच नव्हतं. पाच-सात मिनिटांत फॉइलला बोट लागलं तर चटका बसला. लगेच धुतलं म्हणून निभावलं. तेव्हापासून खुर्चीत बसणाऱ्या प्रत्येकीला माझा पहिला प्रश्न ठरलेला असे, डोक्याला शेवटचं काय आणि कधी लावलं होतं?

केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतात. फेब्रुवारीनंतर तुझे मुळाशी जेमतेम दोन-अडीच सेंटिमीटर कोरे केस आले असतील. खालच्या कमरेपर्यंतच्या केसांवर आजीचा हात फिरलेला आहे, आणि दर लग्नसराईत फिरला असेल तर थरावर थर आहेत. त्यामुळे सगळे केस एकसारखे मोरपंखी होणार नाहीत. पार्लरवालीने जास्त पैसे सांगितले त्यामागेही बहुधा हेच आहे. कमरेपर्यंतचे, मेंदी लावलेले काळे केस फिकट करायला एक बैठक पुरत नाही, दोन-तीन लागतात आणि मधे थांबावं लागतं.

म्हणून आधी चाचणी. ही टाळायची असेल तर पुढचं वाचूच नकोस. आजीकडून त्या मेंदीचं रिकामं पाकीट मिळतंय का बघ, मागचा बारीक मजकूर वाच. मग मानेजवळच्या आतल्या केसांतून, जिथे कापलेलं दिसणार नाही तिथून, उदबत्तीच्या काडीइतकी बारीक बट काप. वरच्या टोकाला दोरा घट्ट बांध, म्हणजे मूळ कुठलं आणि टोक कुठलं ते कळेल. काचेच्या किंवा प्लास्टिकच्या वाटीत चमचाभर ब्लीच (केसांची ब्लीच पावडर आणि २० व्हॉल्यूम डेव्हलपर, दोन्हींचं पुढे सांगते) कालव आणि बट त्यात बुडवून ठेव. स्टीलची वाटी नको, ब्लीचला धातूचं भांडं चालत नाही. पहिली दहा मिनिटं वाटीला हात लावून बघत राहा. वाटी गरम लागली, फेस आला, विचित्र उग्र वास सुटला, तर तिथेच थांब, तुझ्या केसांत धातूचा क्षार आहे. तसं काही झालं नाही तर दर पाच मिनिटांनी बट बाहेर काढून, ओल्या कापसाने पुसून रंग बघ. पाकिटावर जास्तीत जास्त जितका वेळ दिलाय त्यापुढे एक मिनिटही नको. मग बट धू आणि ओली असतानाच दोन बोटांत धरून हळूच ताण. चांगला केस थोडा ताणतो आणि परत येतो. बिघडलेला केस रबरासारखा लांबतो आणि तुटतो, किंवा बोटांना चिकट लागतो. असं झालं तर या केसांना ब्लीच लावायचं नाही, एवढं त्या काडीभर बटेने सांगितलं. पूर्ण डोक्यावर कळण्यापेक्षा तिथे कळलेलं केव्हाही बरं.

आता ब्लीच करतं काय ते नीट समजून घे, कारण मामेबहिणीची ‘एका झटक्यात पांढरे’ ही समजूत तिथेच चुकते. आपल्या केसांचा काळा रंग केसाच्या आत असतो. ब्लीच आत शिरून तो रंग मोडत जातं. काळ्याचा आधी तांबूस तपकिरी होतो, मग नारिंगी, मग गडद पिवळा, मग फिकट पिवळा. सगळा रंग काढून पांढराशुभ्र करायला गेलं की केसच राहत नाही. पार्लरच्या कामात शेवटची पायरी ओळखायची खूण आहे, पिकलेल्या केळीच्या सालीचा आतला रंग. जळगावात राहतेस, तो रंग तुला वेगळा दाखवायला नको. त्याच्या पुढे जायचं नसतं, आणि आपल्या काळ्या केसांना तिथपर्यंत एका दिवसात न्यायचंही नसतं.

बरं, मोरपंखीसाठी तुला तिथपर्यंत जायची गरजच नाही. हा रंग तू चांगला निवडलास. निळा रंग पिवळ्या केसांवर बसला की हिरवट दिसतो, म्हणून ज्यांना निव्वळ आकाशी निळा हवा असतो त्यांची पंचाईत होते. मोरपंखीत हिरवा आधीच आहे, त्यामुळे केस साध्या पिवळ्यावर आले तरी रंग छान उठतो. फिकट जांभळा, बेबी पिंक यांना मात्र केळीच्या सालीइतकाच फिकट पाया लागतो. नारिंगीवर मोरपंखी लावू नकोस, निळा आणि नारिंगी एकमेकांना मारतात आणि चिखलासारखा रंग येतो. तुझी बट नारिंगीवरच अडली आणि केस ताणल्यावर थकलेला वाटला, तर ओढूनताणून पुढे नेऊ नकोस. तिथे डाळिंबी लाल किंवा राणी रंग लाव, नारिंगीवर ते खुलतात. किंवा निदान दोन-तीन आठवडे थांबून दुसऱ्यांदा ब्लीच कर.

डेव्हलपर म्हणजे पाण्यातलं हायड्रोजन पेरॉक्साइड, आणि आकडा म्हणजे त्याची ताकद. १० व्हॉल्यूममध्ये ते ३ टक्के असतं, २० मध्ये ६, ३० मध्ये ९ आणि ४० मध्ये १२. ४० ने काम लवकर होतं हे खरं, पण लवकर होतं म्हणजे चूक लक्षात यायलाही वेळ मिळत नाही, आणि टाळूला लागलं तर भाजतं. घरी, पहिल्यांदा, मेंदी लावलेल्या केसांवर २० च्या वर जायचं नाही. २० ने उशीर लागेल, लागू दे.

आणि चेहऱ्याचं ब्लीच तर विसरूनच जा. ते गालावरच्या बारीक लवेसाठी असतं, कमरेपर्यंतच्या केसांवर त्याने फक्त तांबडे डाग पडतील. कुणी टाकीत टाकायची ब्लीचिंग पावडर सुचवली तर त्याच्याशी पुढे बोलूच नकोस. ती क्लोरीनची असते, केस विरघळवते आणि कातडी जाळते. तुला हवी ती केसांची ब्लीच पावडर. पार्लरचं सामान विकणाऱ्या दुकानात २० व्हॉल्यूम डेव्हलपरसोबत ती मिळते. अमळनेरला नाही मिळाली तर जळगावला फुले मार्केटच्या बाजूला चौकशी कर. रंग ‘सेमी-परमनंट’ लिहिलेलाच घे, ज्यात दुसरं काही मिसळावं लागत नाही. शिवाय ब्रश, प्लास्टिकची वाटी, दोन जोड हातमोजे, फॉइल, चिमटे, व्हॅसलीन. एका बटेला यातलं काहीच फार लागत नाही.

सुरू करायच्या दोन दिवस, म्हणजे ४८ तास आधी, थोडा रंग कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला लावून बघ. ब्लीचचाही ठिपका लाव, पण तो काही मिनिटांत धुऊन टाक. खाज, पुरळ, सूज आली तर विषय संपला. काळ्या मेंदीने पूर्वी कधी पापण्या सुजल्या असतील, तर त्वचेच्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय डोक्याला कुठलाच रंग लावू नकोस. दम्याचा त्रास असेल तरीही ब्लीच पावडरपासून लांब राहा. तिची धूळ श्वासात गेली की दमा उठू शकतो. दमा नसला तरी खिडकी उघडी ठेवून, पावडर सावकाश ओतून कालवायची.

दिवस निवडताना पंचांग बघू नकोस, नळ बघ. आपल्याकडे पाणी रोज येत नाही, आणि ब्लीच धुवायला, मग शॅम्पूला, मग रंग धुवायला मिळून बादल्याच्या बादल्या लागतात. पाणी आलंय आणि पिंप भरलंय, त्याच दिवशी हात घाल. बोअरच्या जड पाण्याने ब्लीच केलेले केस राठ होतात, नळाचं साठवलेलं असेल तर तेच वापर. उन्हाळ्यात करायचंच असेल तर सकाळी लवकर. आपल्याकडे पारा पंचेचाळिशीला टेकतो आणि उष्णतेने ब्लीचचा वेग वाढतो, पत्र्याच्या खोलीत दुपारी बसलीस तर पाकिटावरच्या वेळेचा भरवसा राहत नाही. रंग लवकर उडावा म्हणून गच्चीवर उन्हात बसणाऱ्या मुली मी पाहिल्यात, तसलं काही नको. कूलरच्या झोतासमोरही नको, त्याने मिश्रण वाळतं, आणि वाळलेलं ब्लीच काम करत नाही, नुसतं केसाला चिकटून बसतं.

आदल्या रात्री त्या बटेला खोबरेल चोळून ठेव. आजी खूश होईल, आणि यात तथ्यही आहे. २००३ साली सौंदर्यप्रसाधनांच्या एका शोधपत्रिकेत खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेलाची तुलना छापून आली होती. धुण्याआधी लावलं तर केसातलं प्रथिन कमी जातं, हा गुण त्यात फक्त खोबरेलात दिसला, ब्लीच केलेल्या केसांवरसुद्धा. ब्लीच लावण्याआधी ते तेल धुवायची गरज नाही, आणि डोकं आदल्या दिवशी धुऊ नकोसच. टाळूवर थोडा तेलकटपणा असलेला बरा.

मग मानेजवळचा आतला थर घे. बोटभर रुंद दोन बटा पुरे, बाकी सगळे केस वर चिमट्यात. मेंदी थापताना हात बहुतेक वरच्या केसांवर आणि कपाळाजवळ फिरतो, या आतल्या थराला ती कमी पोचलेली असण्याची शक्यता जास्त, म्हणून ही जागा. मानेला आणि कानामागे व्हॅसलीन. पावडर आणि डेव्हलपरचं प्रमाण पाकिटावर असेल तेच घे, बहुधा एकास दोन असतं. बटेखाली फॉइल धर आणि ब्लीच टोकाकडून वर लावत जा. टाळूपासून अर्धा इंच सोडून दे. टाळूच्या उबेने मुळाकडचा केस लवकर उजळतो, आणि पहिल्यांदा करताना कातडीला ब्लीच लागू देण्याचं कारणच नाही. भरपूर लाव, कंजुषी नको, कोरडा राहिलेला केस ठिपक्यांचा निघतो. दर पाच मिनिटांनी बघ. बहिणीला मोबाइल बाजूला ठेवायला सांग, या अर्ध्या तासात तिची नजर तुझ्या मानेवर हवी. चुरचुर सहन होते, आग सहन करायची नसते. आग झाली तर लगेच गार पाण्याने धुवायचं, फोड आला किंवा सूज आली तर डॉक्टरकडे जायचं. डोळ्यात गेलं तर पंधरा मिनिटं साध्या पाण्याचे हबके आणि मग तडक दवाखाना.

उरलेलं मिश्रण पुढच्या वेळेसाठी बाटलीत भरून झाकण लावू नकोस. त्यातून वायू निघत राहतो, बाटली फुगते आणि फुटतेसुद्धा. पाणी घालून मोरीत सोडून दे.

केस धुऊन, शॅम्पू करून, पूर्ण वाळू दे. मग मोरपंखी रंग. हातमोजे बदल. रंग घट्ट, सगळीकडून, अर्धा-पाऊण तास, मग पाणी निवळ येईपर्यंत गार पाण्याने धू. हा टप्पा सोपा आहे. सेमी-परमनंट रंग केसाला काही करत नाही, वर बसतो. जे काही बिघडायचं ते ब्लीचमध्ये बिघडतं.

पुढचे दीड-दोन महिने तो रंग हळूहळू उतरेल, आणि उतरताना उशीवर, टॉवेलवर, पांढऱ्या कुर्त्याच्या कॉलरवर येईल. आपल्याकडच्या घामात तर नक्की. जुनी उशीची खोळ काढून ठेव. गरम पाणी आणि रोजचा शॅम्पू हे या रंगाचे वैरी. आणि इथे मात्र आजीला अडवावं लागेल, रंगवलेल्या बटेवर रविवारची तेलाची चंपी नको, तेलाने हा रंग सुटतो. तेल मुळांना, बट बाजूला. फिकी पडली की कंडिशनरमध्ये थोडा रंग कालवून लाव, पुन्हा ब्लीच लागत नाही. मुळाशी काळे केस दिसू लागले तर दिसू देत, आतली बट आहे, त्यासाठी दर महिन्याला ब्लीच करत बसू नकोस.

आता आई. मी आईची वकिली करत नाही, पण आखाजीचा दिवस तिच्या बाजूने बघ. माहेरवाशिणी येतात, झोके बांधलेले असतात, गौराई बसलेली असते, खापरावर मांडे चालू असतात, सगळे भाऊबंद अंगणात. त्यात तू निळी-हिरवी होऊन उभी राहिलीस, तर ‘हाई काय करी टाकं वं माय?’ हे तुला एकदा ऐकावं लागेल, तुझ्या आईला दिवसभर. तिला तुझ्या केसांपेक्षा त्या प्रश्नाची धास्ती आहे. तिची भीती मला पटत नाही. केसांच्या रंगावरून मुलगी नाकारणारं घर तुझ्यासाठी नाहीच, हे तिला शांतपणे सांगायला हरकत नाही. पण आधी सांग, केल्यावर नव्हे. आतली बट आहे, केस मोकळे सोडले की झाकते आणि वर बांधले की दिसते, हे तिला स्वतःच्या हाताने दाखव. परवानगी मागायला नको, तू २० वर्षांची आहेस. विश्वासात घ्यायचं एवढंच. आणि मेंदीचं पाकीट तुला तिच्याकडून किंवा आजीकडूनच हवंय, तेव्हा बोलणं तिथूनच सुरू होईल.

आखाजीला मोरपंखी दिसायचंच असेल तर त्या दिवसापुरता केसांचा रंगीत वॅक्स मिळतो. काळ्या केसांवरही दिसतो, एका धुण्यात जातो, ब्लीच लागत नाही. चिमट्याने लावायच्या रंगीत बटाही मिळतात. झोक्यावर बसून फोटो काढ, रंग आवडतो का, घरचे काय म्हणतात, कळेल. खरी बट पाऊस सुरू झाल्यावर, हवा थंडावली की कर.

हात धजत नसेल तर अर्धं काम पार्लरला दे. ‘फक्त दोन बटा प्री-लाइटन करून द्या, रंग मी घरी लावते’ असं सांगितलं (प्री-लाइटन म्हणजे रंगाआधी ब्लीचने फिकट करणं) की खर्च पुष्कळ खाली येतो. मेंदीचं लपवू नकोस. आणि त्यांनी आधी एका बारीक बटेवर बघितलं नाही, तर खुर्चीतून उठ.

चाचणीच्या बटेचं काय झालं ते मला लिहून कळव. हिरवट आली असेल तर पाकिटामागचा मजकूरही जसाच्या तसा उतरवून पाठव.